तळ्याच्या बांधासाठी एक सही

५ फेब्रुवारी २०१८, सोमवार

"मिस्टर स्प्रेग नाही आले?" सरकारी शेतीकचेरीच्या खिडकीतल्या माणसाचा पहिला प्रश्न हा.

मेले, म्हटलं. ऑक्टोबरात.

त्याने चेहरा पाडला, वाईट झालं म्हणाला, आणि लगेच पुढे – "मग आता शेती कोण बघतं?"

"मी."

"नाही, म्हणजे जनावरं, कुंपणं, गवत कापणं, ते सगळं?"

"मीच. बत्तीस गायी आहेत. नवरा, ऑरिन, दगडखाणीवर ट्रक चालवायचा. गायी तीस वर्षं माझ्याच हाताखाली आहेत."

त्याने ते लिहून घेतलं नाही. छातीवरच्या पट्टीवर नाव – टीटर्स. ते नाव मी इथे लिहून ठेवते.

मला काय हवंय ते दोनदा सांगितलं. वरच्या तळ्याचा मातीचा बांध दोन हिवाळे पाझरतोय. गायींना दुसरं पाणी नाही. असल्या दुरुस्तीला सरकार मदत करतं असं शेतकऱ्यांच्या पेपरात वाचलं. कुठली मदत, कुणाकडे मागायची, एवढंच सांगा. तो म्हणाला, ते पलीकडच्या खिडकीत. पलीकडची बाई म्हणाली, आमच्याकडे फक्त कुरणांचं, तळी मागच्या खोलीत. मागच्या खोलीला कुलूप. दारावर चिठ्ठी – सोमवारी बंद.

चाळीस मैल जाऊन हात हलवत परत. निघताना टीटर्सने मागून हाक मारून एक पत्रक दिलं. मधमाश्यांसाठी फुलं कशी लावावीत.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रक चुलीत घातलं. चांगलं पेटलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज मागची खोली उघडी होती. आत रेनाटा ओल्व्हेरा नावाची मुलगी, तिशीच्या आतली, बुटांना चिखल. टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या बुटांना चिखल असेल तर मी निदान ऐकून तरी घेते.

तिने ऐकलं. मग म्हणाली, तीन योजनांत तुमचं काम बसू शकेल, दोन तुम्हाला मिळणार नाहीत, तिसरी मिळेल कदाचित. कोणती का मिळणार नाही तेही सांगितलं. सरकारी खोलीत इतकं सरळ बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. पण त्याआधी शेताला क्रमांक हवा, आणि तो टीटर्सच्या खिडकीत मिळतो. परत तिथे. मृत्यूचा दाखला, खरेदीखत, मृत्युपत्र, सगळं पुढे टाकलं. तो एकेक कागद असा उलटत होता जणू मीच ऑरिनला मारलंय.

"आडनाव स्प्रेग म्हणजे डोर्सी स्प्रेगचे कोण?"

"दीर आहे माझा."

"मग डोर्सीलाच का नाही सांगत हे सगळं बघायला? चांगला माणूस आहे. आमच्या समितीवर होता."

मी म्हटलं, क्रमांक द्या.

दिला. अडीच तासांनी.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

डोर्सी आला. दार वाजवलं नाही, टोपी काढली नाही, ऑरिनच्या खुर्चीत बसला.

"कचेरीत चकरा मारतेयस म्हणे."

कचेरीतली बातमी तेरा दिवसांत पोचली. मला वाटलं होतं दोन दिवसांत पोचेल.

"त्यांना एकदा फाटकातून आत घेतलंस ना, आयडेला, की ते तुझ्या तळ्यातले बेडूक मोजतील. मग सांगतील, बेडकांना त्रास होतो, गायी काढा. ऑरिनने जन्मात कधी एक माणूस आत येऊ दिला नाही."

"ऑरिनने बांधही दुरुस्त केला नाही."

"बांधाला काही झालेलं नाही. आमच्या बापाने बांधलाय तो." मग खरं पोटातलं बाहेर आलं. वरचं कुरण आणि तळं मला कसायला दे. तुझं वय झालं. एकटी बाई. पाण्याचं मी बघतो.

तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. गुडघा वाकत नाही, ट्रॅक्टरवर चढताना तोंडातून आवाज काढतो. आणि माझं वय झालं.

कॉफी दिली नाही. केलेली होती, तरी दिली नाही.

१२ मार्च, सोमवार

रेनाटा येऊन गेली. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मग खाली उतरून पायथ्याशी गवतात गुडघे टेकून बसली. हाताने गवत बाजूला केलं. पाणी येत होतं. मला माहीत होतं तिथूनच नाही, आणखी तीन ठिकाणांहून.

बांधावरची सिडारची झाडं दाखवून म्हणाली, ही कधी लावली? लावली नाहीत, उगवली. ऑरिन म्हणायचा झाडांनी माती धरून ठेवली आहे. ती म्हणाली, उलटं आहे. मुळं आत जातात, मेलं मूळ कुजलं की त्याची नळी होते. शिवाय पाणउंदरांची बिळं. तिने काठी घातली, अख्खी काठी आत गेली.

मग वळून खाली बघत राहिली. ओढा, ओढ्याच्या वळणावर डोर्सीचं घर, पांढरा रंग, दोरीवर चादरी.

"ते घर कुणाचं?"

"दिराचं."

"कुणी राहतं?"

"तो आणि त्याची बायको."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. म्हणाली, मिसेस स्प्रेग, हे आता फक्त गायींच्या पाण्याचं काम राहिलेलं नाही. अर्ज पुरा करून १ जूनपर्यंत माझ्याकडे यायला हवा. त्यानंतर थेट पुढचं वर्ष. आणि हा बांध पुढच्या वर्षाची वाट बघेल असं मला वाटत नाही.

१३ मार्च, मंगळवार

पाणी त्याच्या दारात शिरताना डोळ्यांपुढे आलं. वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही.

२६ मार्च, सोमवार

नवीन खोडा. बुलडोझर आणि मातीचे ट्रक माझ्या रस्त्याने येऊ शकत नाहीत. लाकडी पुलावर वजनाची पाटी आहे, तिच्यात रिकामा ट्रकसुद्धा बसत नाही. काउंटीला पूल बदलायला सांगा म्हटलं तर टीटर्स हसला. खरंच हसला, दात दिसले.

दुसरी वाट एकच. डोर्सीच्या घराशेजारून वर चढणारी गाडीवाट. रेनाटाने संमतीचा छापील कागद दिला. त्यावर जमीनमालकाने सही करायची, की कामाची यंत्रं या वाटेने जाऊ द्यायला माझी हरकत नाही. ती सही नसेल तर अर्ज अर्धवट, आणि अर्धवट अर्ज समितीपुढे जात नाही.

ती म्हणाली, "घरचाच माणूस आहे ना? मग सोपं आहे."

तिला कुणी दीर नसावा.

२८ मार्च, बुधवार

गेले. मला जावं लागलं याचाच राग आला होता, आणि तो तोंडावर दिसत होता हे माहीत होतं.

मेल्बाने दार उघडलं. हात कोपरापर्यंत पिठाचे. माझी ही जाऊ – चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी हवा आणि चर्चचं जेवण यापलीकडे काही ऐकलेलं नाही.

"डोर्सी आहे का?"

"गोठ्यात." हाताने मागे दाखवलं.

गोठ्यात तो वासराला बाटली पाजत होता. कागद पुढे केला. त्याने वाचलाही नाही.

"माझ्या वाटेवरून सरकारचे ट्रक जाणार नाहीत."

"सरकारचे नाहीत. कंत्राटदाराचे. तीन आठवडे. वाट खराब झाली तर ते नीट करून देतात, कागदात लिहिलंय."

"कुरण कसायला दे, मग बघू."

म्हणजे हे. बांध फुटला तर पाणी कुणाच्या घरात जाईल रे, असं विचारलं. तो म्हणाला, "साठ वर्षं नाही फुटला. तूच फोडशील खणून खणून."

मी वासराच्या देखत त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

९ एप्रिल, सोमवार

पेंडीच्या दुकानात गेले तर तिथे कॉफीभोवती नेहमीचे चारजण. डोर्सी मधोमध. मी आत गेल्याबरोबर सगळ्यांच्या माना वळल्या. मग एकजण – लेमन गुडचाइल्ड, ज्याच्या स्वतःच्या गायी वर्षातून सहा महिने लोकांच्या मक्यात असतात – तो म्हणतो, "आल्या शेतकरीणबाई. बेडकांची शिरगणती झाली का?"

सगळे हसले. दुकानदारसुद्धा. माझी पोती उचलायला कुणी उठलं नाही. नेहमी उठतात. चारही पोती मी स्वतः गाडीत टाकली, आणि एकेक टाकताना हळू टाकली, त्यांना नीट बघता यावं म्हणून.

कंबर गेली. हे त्यांना कळता कामा नये.

२५ एप्रिल, बुधवार

दोन दिवस पाऊस. तळं काठोकाठ. पायथ्याचं पाणी आतापर्यंत स्वच्छ यायचं. आज गढूळ येतंय.

रेनाटाला फोन केला. ती म्हणाली, गढूळ म्हणजे बांधाची माती आतून वाहून येतेय. सांडवा मोकळा करा, जमेल तेवढं पाणी उतरवा, आणि खालच्या घरात सांगा. आजच सांगा.

सांडव्यात अडकलेल्या फांद्या काढल्या. कमरेएवढ्या पाण्यात. गायी उंचवट्यावर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. कपडे न बदलता तशीच खाली गेले.

मेल्बाने दार उघडलं. "डोर्सीला बोलाव," म्हटलं. तो मागून आला. सांगितलं सगळं. पाणी गढूळ येतंय. दोन दिवस तरी बहिणीकडे जाऊन राहा.

तो दाराच्या चौकटीला टेकला. "आता भीती घालून वाट घेणार का?"

"डोर्सी, मी कमरेपर्यंत भिजून आलेय."

"मी नाही भिजवलं तुला. ऑरिनने मला शब्द दिला होता, वरचं कुरण माझं. आजारात दिला होता. तू तो दाबून ठेवलास."

हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खोटं असेल. खरं असेल तर ऑरिनवर आणखी राग येईल, आणि त्याच्यावरचा आधीचाच संपलेला नाही. मी म्हटलं, मेलेल्या माणसाचा शब्द कागदावर दाखव. तो म्हणाला, तुला सगळंच कागदावर लागतं. दार आपटलं. आपटायच्या आधी आतल्या अंधारात मेल्बा उभी दिसली, कोट हातात घेऊन.

२६ एप्रिल, गुरुवार

बांध टिकला. पाणी दीड फूट उतरलं. खालचं घर जागच्या जागी आहे. कोट पुन्हा खुंटीवर गेला असणार.

१० मे, गुरुवार

आता माझी पाळी. खालच्या पट्टीतलं गवत ऑरिन आजारी पडल्यापासून डोर्सी कापून नेतो, लेखी काही नाही. आज मी त्या फाटकाला साखळी आणि कुलूप घातलं. तोही सगळं तोंडी करतो ना? मग मी कुलपाने उत्तर दिलं.

दुपारी तो ट्रॅक्टर घेऊन आला, कुलूप बघितलं, आणि शेरीफच्या माणसाला बोलावलं. तो पोरसवदा हवालदार दोघांच्या मधे उभा राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"मॅडम, घरातल्या घरात मिटवता येणार नाही का?"

"जमीन कुणाची आहे ते विचारा त्याला."

"तुमचीच आहे, ते म्हणतायत."

"मग कुलूप कुणाचं असणार?"

तो गेला. डोर्सी ट्रॅक्टर तिथेच बंद करून, फाटकाला लावून, पायी घरी गेला. आता मलाही आत जाता येत नाही. उभं राहा म्हणावं तिथेच. गंजू दे.

२२ मे, मंगळवार

दहा दिवस उरले. सही नाही. रेनाटा म्हणाली, ती गाडीवाट पूर्वी सार्वजनिक होती का ते काउंटीच्या नोंदींत बघा; तसं असेल तर कुणाच्याच सहीची गरज नाही. म्हणून नोंदणी कार्यालयात गेले. नकाशाची भलीमोठी वही टेबलावर पसरून दिली.

वाट सार्वजनिक नव्हती. कधीच नव्हती. पण तिच्यावर नाव डोर्सीचं नाही.

मेल्बा हॅस्केट स्प्रेग. १९८१पासून. वाट, गोठा, ओढ्याकडचे नव्वद एकर, राहतं घर. डोर्सीचं नाव कुठेही नाही, जोडीला म्हणूनसुद्धा नाही.

मी तो उतारा दोनदा वाचला. हॅस्केट म्हाताऱ्याची ती जमीन होती हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतर डोर्सीच तिथे राहायला गेला. घरजावई! आणि चाळीस वर्षं सगळी काउंटी म्हणते डोर्सीचं घर, डोर्सीची वाट. मी या वहीत तेच लिहिलंय. मागची पानं काढून मोजली. चार वेळा.

मी टीटर्सला शिव्या घालते.

२४ मे, गुरुवार

गुरुवारी डोर्सी गुरांच्या लिलावाला जातो. त्याची गाडी हमरस्त्याला लागली आणि मी निघाले.

मेल्बाने दार उघडलं. माझ्या तोंडून सवयीने "डो–" निघालं. तिने ऐकलं. मी थांबले, पण ऐकायचं ते तिने ऐकलं.

"तो नाही," म्हणाली.

"तुझ्याकडेच आलेय."

ती बाजूला झाली नाही. मी पायरीवर उभी राहूनच सांगितलं. कागद दिला. म्हटलं, ही सही तुझी हवी होती, पहिल्यापासून. मला माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या मयताला तू होतीस. त्या दिवशी सगळ्यांसमोर वकिलाने मृत्युपत्र वाचलं. तू माझ्या शेजारी बसली होतीस, आयडेला. बटाट्याचं सॅलड खात."

मला आठवत नाही. ती म्हणते म्हणजे असेल.

"मग तू का नाही बोललीस? मार्चमध्ये मी इथेच उभी होते. हातात कागद होता."

"तू गोठ्यात घेऊन गेलीस."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये पाणी गढूळ आलं तेव्हा तू त्याला सांगितलंस. तीन हातांवर मी होते. बुडाले असते तर मीही बुडाले असते ना?"

म्हटलं, आत्ता सही कर, मग मला हवं ते बोल. उद्या बोल, परवा बोल.

"वाचते आधी," म्हणाली, आणि कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात घातली. "मला कुणी वाचायला देत नाही काही. सावकाश वाचणार आहे."

दार आपटलं नाही. हळू लावलं. घरी येईपर्यंत राग उतरला नाही. कुणावरचा ते कळेना.

२९ मे, मंगळवार

कागद आला नाही. डोर्सीचा ट्रॅक्टर फाटकाशीच. मेल्बाने त्याला सांगितलं असेल, त्याने कागद फाडला असेल. किंवा ती अजून वाचत असेल. पानं दोनच आहेत त्याची.

३१ मे, गुरुवार

पाऊस सांगितलाय. रेनाटाला फोन करून म्हटलं, सही मिळणार नाही, अर्ज असाच ठेवा. ती म्हणाली, उद्या पाचपर्यंत खोली उघडी आहे. म्हटलं, तुमची खोली उघडी राहून काय उपयोग. नंतर वाईट वाटलं. तिला परत फोन केला नाही.

१ जून, शुक्रवार

अर्ज मागे घ्यायला गेले, तर मागच्या खोलीत रेनाटासमोर मेल्बा बसलेली. चर्चचा निळा कोट घातलेला. माझ्या कागदावर सही झालेली होती, आणि तिच्यापुढे दुसरा अर्ज, तिचा स्वतःचा, नव्वद एकरांचा. ओढ्याचा काठ, विहीर, सगळं. माझ्याकडे बघितलं नाही. रेनाटाला म्हणाली, "कसणारा या रकान्यात एकच नाव मावतं का?" रेनाटा हो म्हणाली. मेल्बाने आपलं लिहिलं.

बाहेर डोर्सी गाडीत बसला होता, हात स्टिअरिंगवर. मेल्बा त्याच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडून धरलं. बऱ्याच वेळाने तो पलीकडच्या सीटवर सरकला.